पंप-नोझल, लिफ्ट पंप सगळं नवीन केलं तरी अनमोड घाटात डिझेलचं प्रेशर पडतंय

दहाचाकी_उसगाव

नमस्कार मंडळी. डोकं बंद पडायची वेळ आलीय म्हणून इथे लिहितोय, जरा लांबेल.

गाडी दहाचाकी, २०१० ची, ५.९ लिटर सहा सिलिंडर टर्बो, इनलाइन पंप, २४ व्होल्ट. खाणीसाठी घेतलेली, २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा उभी राहिली, मधे थोडी चालली आणि २०१८ च्या मार्चनंतर परत दोन पावसाळे घरामागे ताडपत्रीखाली. आता टिप्पर बॉडी काढून साधी लोड बॉडी घातलीय, कागद पण तसे करून घेतलेत, आणि कुंडईहून बेळगावला माल मारतो.

दोन महिन्यांपूर्वी पंप-नोझलचं (म्हणजे इंजिनमध्ये डिझेल फवारणारा पंप आणि त्याच्या नोझल) काम केलं, पंप थोडा वाढवून घेतला, म्हणजे जास्त डिझेल सोडेल असा. गॅरेजवाला म्हणाला की वाढवलेल्या पंपाला जुना फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून त्याला देणारा) पुरायचा नाही, म्हणून तो बायपास करून चॅसीवर इलेक्ट्रिक लिफ्ट पंप लावला (पंपावर ताशी १५० लिटर लिहिलंय), मोठा फिल्टर, नवीन वॉटर सेपरेटर, आणि केबिनमध्ये प्रेशरचं गेज. गेजची लाईन फिल्टरच्या पुढे, इंजिनच्या पंपाच्या तोंडाशी घेतलीय.

आता मजा बघा. आयडलला २२ पीएसआय. फोंडा ते मोलेम सपाटीला १८-१९. मोलेमचा चेकपोस्ट सोडून चढ लागला की पहिली दहा-पंधरा मिनिटं बरी जाते आणि मग काटा हळूहळू खाली, १५, १२, ९, शेवटी ५-६ आणि गाडी दम सोडते, तिसऱ्यातली गाडी दुसऱ्यात, मागे सगळ्या पर्यटकांच्या गाड्या हॉर्न मारत. वर जाऊन अर्धा तास उभी केली की परत २२. रिकामी असताना काहीच त्रास नाही.

फिल्टर दोनदा बदलले. गॅरेजवाला म्हणतो लिफ्ट पंप लहान पडतोय, याच्या दुप्पट मोठा घाला, १८,००० सांगितलेत. घालू का? की आणखी काही बघायचं?

---

मांद्रेकार

पैसे घालायच्या आधी फुकटातली गोष्ट कर. घाटात काटा पडायला लागला की बाजूला घे आणि टाकीचं झाकण उघड. फुस्स करून हवा आत गेली आणि काटा वर आला तर टाकीचा ब्रीदर (टाकीत हवा जायचं भोक) बंद आहे. खाणीवरची गाडी म्हणजे ब्रीदरमध्ये तांबडी धूळ बसून सिमेंट झालेलं असतं, वर पावसाळे खाल्लेले. माझ्या भावाच्या गाडीत असंच होतं, टाकी आत ओढून पत्रा चेपायला आला होता.

---

गतिमान_मडगाव

भाऊ, हे रेल प्रेशर सेन्सरचं काम वाटतंय. स्कॅनर लावून कोड बघ, पी००८७ (रेलमध्ये प्रेशर कमी) येत असणार. माझ्या पिकअपला सेम झालं होतं, सेन्सर बदलला आणि ओके.

---

पंपनोझल_फोंडा

मडगावकर, तुमची पिकअप कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल. तिथे रेलमध्ये हजार-दीड हजार बारच्या गोष्टी चालतात आणि त्या कॉम्प्युटर बघतो. याच्या गाडीला रेलच नाही, स्कॅनर लावणार कुठे, टूलबॉक्सला? इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरचा वेगळा प्लंजर (डिझेल दाबणारा दांडा) असतो, आणि हा जे गेज सांगतोय ते त्या प्लंजरांना डिझेल भरून देणाऱ्या गॅलरीचं प्रेशर आहे. ते साधारण एक ते दीड बार, म्हणजे १५ ते २२ पीएसआयच्या आसपास. ते पडलं की प्लंजर पूर्ण भरत नाहीत आणि गाडी दम सोडते.

आता उसगावकर, तू हिशेब कर. वाढवून समजा तुझं इंजिन २२० एचपीला आलं. म्हणजे १६४ किलोवॅट. असं इंजिन पूर्ण लोडवर एका किलोवॅटला तासाला साधारण २१० ग्रॅम डिझेल खातं. झाले ३४-३५ किलो, म्हणजे ४१-४२ लिटर तासाला, ते सुद्धा तासभर पाय पूर्ण दाबून ठेवलास तर. तुझा पंप १५० चा. प्रेशरवर तो तेवढा देणार नाही, १०० धर. तरी दुपटीहून जास्त आहे आणि जास्तीचं रिटर्नने टाकीत परत जातं. पंप लहान नाही. १८,००० खिशात ठेव.

दुसरं म्हणजे पंप लहान असता तर चढाला पाय दाबल्याबरोबर काटा पडला असता. तुझा दहा-पंधरा मिनिटांनी पडतो आणि थंड झाल्यावर परत येतो. म्हणजे काहीतरी तापल्यावर बदलतंय किंवा काहीतरी हळूहळू भरत जातंय.

ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह (जास्तीचं डिझेल रिटर्नला सोडणारा) पण बघून घे. आयडलला रिटर्नचा रबरी पाईप क्षणभर चिमटीत दाबायचा. काटा टणकन वर गेला तर मागून डिझेल येतंय आणि ते व्हॉल्व्हमधून निसटतंय, स्प्रिंग मेलेली असते. दाबून पण काटा जेमतेम हलला तर मागूनच येत नाही. पण ही टेस्ट काटा पडलेला असताना कर, घरी उभ्या गाडीवर करून उपयोग नाही.

---

वायरमन_कुडचडे

मी इलेक्ट्रिकवाला आहे त्यामुळे मला सगळीकडे वायरच दिसते, पण इलेक्ट्रिक पंप लावलाय म्हटल्यावर पहिलं काम मल्टीमीटर. बॅटरीवर नाही, पंपाच्या दोन टर्मिनलवर, पंप चालू ठेवून. बॅटरीला २७ दिसतात आणि पंपाला २२ च पोचतात असं खूप ठिकाणी बघितलंय, आणि कमी व्होल्टेजला पंप आवाज तोच करतो पण डिझेल कमी देतो.

आणि अर्थिंग. आपल्याकडे किनाऱ्याची हवा आणि चार महिने पाऊस, चॅसीला रंगावरच बोल्ट आवळून अर्थ दिली की सहा महिन्यांत खाली गंज. मीटरची काळी सुई बॅटरीच्या मायनसला आणि लाल पंपाच्या मायनस वायरीला लाव, पंप चालू. अर्ध्या व्होल्टच्या खाली पाहिजे. जास्त आलं तर अर्थ खराब. तारेची जाडी नंतर बघू, बहुतेक वेळा तार बरी असते आणि टोकं खराब असतात.

---

दहाचाकी_उसगाव

सगळ्यांना धन्यवाद, काल परत फेरी होती म्हणून मीटर घेऊन गेलो.

टाकीचं झाकण उघडलं, फुस्स वगैरे काही नाही, काटा जागचा हलला नाही. तरी ब्रीदर काढून साफ केला, माती होतीच.

कुडचडेकर, तुम्ही हात दाखवला तिथेच निघालं. अर्थवर २.८ व्होल्ट! बोल्ट काढला तर खाली तांबडा भुगा, गॅरेजवाल्याने रंग सुद्धा खरवडला नव्हता. आता सरळ बॅटरीपासून वेगळी मायनस वायर ओढली, आता ०.२ आहे. आयडलला काटा २४ वर आला. मी खूश. मोलेमपर्यंत २१. आणि घाटात... परत पडला. फरक एवढाच की आधी ५ वर जायचा तो आता ९ वर थांबला, गाडी रडत रडत का होईना चढली.

फोंड्याचे काका, वर पोचल्यावर रिटर्न दाबून बघितला. काटा ९ चा ११ झाला बस. म्हणजे मागूनच येत नाही ना?

---

पंपनोझल_फोंडा

हो, मागून येत नाही. व्हॉल्व्ह सुटला आरोपातून.

आता मोजून बघ, अंदाज पुरे झाले. रिटर्न पाईप टाकीच्या तोंडाशी सोड, दोन लिटरची बाटली धर, इंजिन आयडल, मोबाईलवर एक मिनिट लाव. एकदा सकाळी थंड असताना आणि एकदा घाट चढून वर पोचल्या पोचल्या. दोन्ही आकडे टाक. आणि सिगरेटवाला हेल्पर असेल तर त्याला लांब पाठव.

---

ड्रायव्हर_खानापूर

मी या रस्त्याने रोज भाजी घेऊन उतरतो त्यामुळे तुमची गाडी कदाचित बघितली पण असेल, रांगेत अडकलो असेन तुमच्या मागे 😀

माझा अनुभव सांगतो. टाकीत उतरणारी जी नळी असते तिला वरच्या बाजूला चीर गेली होती, गंजून. टाकी फुल असली की चीर डिझेलमध्ये बुडालेली, काही त्रास नाही. टाकी अर्ध्याखाली आली की चीर उघडी पडते आणि डिझेलबरोबर हवा ओढते, आणि चढाला टाकीतलं डिझेल मागे सरकतं तेव्हा तर जास्तच. मी तीन महिने फिल्टर बदलत बसलो. तुमची गाडी दोन पावसाळे उभी होती म्हणताय तर नळी आणि तिच्या खालची जाळी बघाच. पंपाच्या आधी हातभर पारदर्शक पाईप लावा, बुडबुडे दिसले तर हवा घेतेय, नाही दिसले तर दुसरं काही. पण तो पाईप कायमचा ठेवू नका, बघून झालं की काढा, उन्हाने कडक होऊन फुटतो.

---

दहाचाकी_उसगाव

आकडे घ्या. सकाळी थंड: एका मिनिटात जवळजवळ २ लिटर. घाट चढून वर: ६०० मिली. दोनदा मोजलं, दुसऱ्यांदा ६५० आलं.

पारदर्शक पाईप पण लावला होता. बुडबुडे नाहीत. काचेसारखं स्वच्छ डिझेल येतंय, फक्त कमी येतंय. टाकी पाऊण भरलेली होती.

---

पंपनोझल_फोंडा

६०० मिली मिनिटाला म्हणजे ताशी ३६ लिटर. घाटात तुझं इंजिनच ४० मागतंय. काटा पडणार नाही तर काय करणार बिचारा. आकडा सगळं सांगून जातो बघ, आणि लोक पंपच बदलत बसतात.

बुडबुडे नाहीत म्हणजे कुठे फट नाही. वाट अरुंद झालीय, तीसुद्धा तापल्यावर. किंवा पंपच तापून हात टेकतोय. हे दोन वेगळे करायला कॅनवर चालव. जुना उपाय आहे पण अजून याच्यासारखा दुसरा नाही. ३५ लिटरचा कॅन केबिनच्या मागे बॉडीवर नीट बांध, केबिनच्या आत अजिबात नको. कॅनमधून चांगला जाड डिझेलचा पाईप सरळ लिफ्ट पंपाच्या तोंडाला, आणि रिटर्न पण कॅनमध्येच सोड, नाहीतर पंधरा-वीस मिनिटांत कॅन रिकामा आणि तू घाटात एअर काढत बसशील. रिटर्न कॅनमध्ये असेल तर पंचवीस मिनिटांच्या चढाला पंधरा-सोळा लिटर जातील, आरामात पुरतं.

काटा टिकला तर दोष टाकी ते पंप यामध्ये. काटा पडला तर पंप किंवा पुढे.

---

मांद्रेकार

मधेच एक विचारतो, वॉटर सेपरेटर पंपाच्या आधी आहे की नंतर? आणि त्यात बारीक फिल्टर आहे का? ओढणाऱ्या बाजूला बारीक फिल्टर घालणारे पण महाभाग असतात. पंप ढकलायला दांडगा असतो, ओढायला तसा कच्चाच. म्हणून पंप टाकीजवळ आणि खाली, त्याच्या आधी फक्त जाळी किंवा सेपरेटर, बारीक गाळणं सगळं पंपाच्या पुढे.

---

दहाचाकी_उसगाव

सेपरेटर आधी आहे पण त्यात जाळीच आहे, बारीक काही नाही. बारीक फिल्टर पुढे आहे.

कॅनवर चालवली. बायको म्हणाली हे काय सर्कस, पण बांधला नीट. रविवारी सकाळी, माल भरलेला, पूर्ण चढ: १८ च्या खाली काटा आलाच नाही! तिसऱ्यात गाणं गात चढली. वर मोजलं, पावणेदोन लिटर मिनिटाला. म्हणजे पंप निर्दोष आणि दोष टाकीकडून पंपापर्यंत. आता नळी, जाळी, सेपरेटर, पाईप हे एवढंच उरलं. सोमवारी टाकी उतरवतो.

---

ड्रायव्हर_खानापूर

टाकी उतरवायच्या आधी एक करा, ती उतरवणं म्हणजे अर्धा दिवस आणि चार माणसं. कॅन काढून जुनीच लाईन जोडा, घाट चढा, काटा पडू द्या, आणि वर पोचून इंजिन बंद करा पण चावी चालू ठेवा. तुमचा पंप चावीवर चालत असेल तर तो डिझेल फिरवतच राहील. मग खाली वाकून टाकीपासून पंपापर्यंत पाईपवर हात फिरवत या. जपून, सायलेन्सर तापलेला असेल. रबर कुठे बसलेलं असेल तर हाताला कळतं. थंड झाल्यावर बघितलं तर परत गोल होतं आणि मग आयुष्यभर सापडत नाही.

---

दहाचाकी_उसगाव

सापडलं!!!

खानापूरकर, तुम्हाला माझ्याकडून एक फिश थाळी, शाकाहारी असाल तर सोलकढी आणि जे पाहिजे ते.

झालं असं की चॅसीवरून येणारा लोखंडी पाईप आणि लिफ्ट पंपाचं तोंड यामध्ये दीड-दोन फुटांचा रबरी पाईप होता, नवीन, काळा, दिसायला एकदम टकाटक, सेपरेटरच्या पुढचा तुकडा. तो सायलेन्सरच्या वरून जेमतेम चार बोटांवरून नेलेला. घाट चढून वर गेलो, काटा १०, इंजिन बंद, चावी चालू, खाली गेलो आणि टॉर्च मारला तर पाईप माझ्या डोळ्यांदेखत पोळीसारखा चपटा. चावी बंद केली तर हळूहळू परत गोल झाला. परत चालू केली, परत चपटा. हेल्परला बोलावून दाखवलं, तो म्हणतो श्वास घेतोय. व्हिडिओ काढलाय.

घरी येऊन पाईप उभा कापला. बाहेरून काहीच नाही, आतला थर फुगून मऊ झालेला आणि एका जागी सुटून पडद्यासारखा लोंबतोय. पाईपवर कुठेही काही छापलेलं नाही, ना डिझेलचा, ना कसला. मला वाटतं पाण्याचा पाईप आहे. दोन महिने डिझेलमध्ये भिजून आणि सायलेन्सरची धग खाऊन मेला. कॅनच्या वेळी मी दुसरा पाईप वापरलेला म्हणून तेव्हा काही झालं नाही.

आता तिथे जमेल तेवढा स्टीलचा पाईप नेला, सायलेन्सरच्या दुसऱ्या बाजूने, आणि शेवटी वीतभर आत तार असलेला डिझेलचाच पाईप. मधे पत्र्याचा आडोसा. काल माल घेऊन चढलो: आयडल २४, घाटात सगळ्यात खाली १७. मागचे हॉर्न मारत नव्हते, मीच एका टँकरला हॉर्न मारला.

फक्त काटा थरथरतोय अजून, आयडलला जास्त.

---

पंपनोझल_फोंडा

शाब्बास. काटा थरथरणार, इनलाइन पंपाचे प्लंजर एकामागून एक ओढतात त्याचे धक्के आहेत ते. गेजच्या लाईनला बारीक भोकाचा अडथळा घाल किंवा छोटा कॉक लावून तो जवळजवळ बंद ठेव, काटा शांत होईल. नाही घातलास तर वर्षभरात गेज मरेल एवढंच, गाडीला काही नाही.

पण दुसरी गोष्ट मला आवडली नाही. इंजिन बंद आणि पंप चालू, हे तपासायला बरं पडलं, पण रस्त्यावर धोक्याचं आहे. उद्या कुठे ठोकलं, पाईप तुटला, इंजिन बंद पडलं आणि चावी तशीच राहिली तर हा पंप तापलेल्या सायलेन्सरवर डिझेल ओतत बसेल. रिले (करंटवर चालणारा स्विच) लाव आणि तो ऑइल प्रेशरच्या स्विचवरून घे, म्हणजे इंजिन थांबलं की पंप थांबला. स्टार्ट करताना थोडा वेळ द्यायला वेगळं बटन ठेव. कुडचडेकर करून देईल.

आणि इंजिनचा पंप किती वाढवलाय ते एकदा मला बघू दे. गाडी घाटात काळा धूर सोडते का? सोडत असेल तर ते जास्तीचं डिझेल ताकद देत नाही, पिस्टन आणि टर्बो भाजतं, आणि पीयूसीला पण अडकशील. थोडा खाली आणू, तुला चढायला काही फरक पडणार नाही.

---

वायरमन_कुडचडे

करतो ना, रविवारी या. फ्यूज पण बघतो, ज्याने रंगावर अर्थ दिली त्याने फ्यूज घातला असेल याची मला खात्री नाही.

---

दहाचाकी_उसगाव

फ्यूज नाहीच आहे, आत्ता बघून आलो 😐 रविवारी येतो. काका, धूर सोडते, थोडा नाही चांगलाच, चवथीच्या आधी गाडी तुमच्याकडे लावतो.

देव बरें करूं तुम्हा सगळ्यांचं. आणि गतिमान_मडगाव, तुम्ही पण रागावू नका, निदान उत्तर तरी दिलंत.

---

मांद्रेकार

तो कापलेला पाईप टाकू नको. गॅरेजवाल्याला नेऊन दाखव, १८,००० चा पंप विकत होता ना.

---

दहाचाकी_उसगाव

दाखवला कालच. हातात घेतला, आत बघितलं, वास घेतला आणि म्हणतो, "पाईप बरोच आसा रे, तूंच चड (जास्त) तापयता."